वार, वेळ, बोला

गुरुजींना फोन लावला की 'हॅलो' ऐकू येत नसे. "आज मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. बोला," असं ऐकू येई. गॅस सिलिंडरवाला असो, चुकून लागलेला नंबर असो की सख्खी बहीण असो, वार आणि वेळ सांगितल्याशिवाय ते कोणाशी बोलले नाहीत. नवा माणूस बिचकायचा. आम्ही कामरगावकर मात्र तिथून पुढचं प्रत्येक वाक्य जपून बोलायचो, कारण पलीकडे रेकॉर्डिंग सुरू झालेलं असायचं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ते मुख्याध्यापक होते आणि मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. गाव त्यांना 'पुरावा गुरुजी' म्हणायचं, आधी पाठीमागे आणि नंतर तोंडावर. एखादी पदवी मिळावी तसं ते नाव त्यांनी स्वीकारलं होतं. "पुरावा नसला की मानूस खोटं बोलते, सर," ते मला सांगायचे. "तुमी बी बोलसान."

गावावर त्यांचे उपकार नव्हते असं नाही. एकदा वीज गेली ती पाच दिवस आली नाही. गुरुजी रोज वायरमनला फोन करत आणि तो रोज "उद्या येतो" म्हणे. सहाव्या दिवशी वीज कार्यालयात जाऊन त्यांनी साहेबाच्या टेबलावर फोन ठेवला आणि वारानुसार पाच 'उद्या' लागोपाठ वाजवले. संध्याकाळी दिवे लागले. गावानं त्यांचं कौतुक केलं आणि तिथंच गावाची चूक झाली, कारण शस्त्राला धार आहे हे गुरुजींना त्या दिवशी समजलं.

पुढचा वार माझ्यावर होता. मी ताप आल्याचं फोनवर कळवून रजा घेतली होती. केंद्रप्रमुख शाळेत आले तेव्हा गुरुजींनी सगळ्या शिक्षकांसमोर माझा तो फोन वाजवला. माझा खोल गेलेला आवाज, त्याच्यामागे पोहरादेवीच्या यात्रेतला नगारा आणि "गरम भजे, गरम भजे" अशी स्वच्छ आरोळी. "सरचा ताप लई भक्तिभावाचा दिसून राह्यला," गुरुजी म्हणाले. केंद्रप्रमुख डोळे पुसेपर्यंत हसले आणि मग त्यांनी मला लेखी खुलासा द्यायला लावला. मीही हसलो होतो. ते हसणं मी पुढं बरीच वर्षं सांभाळून ठेवलं.

माझं खुलाशावर भागलं, सगळ्यांचं भागलं नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलाचा बाप सहज गुरुजींना फोनवर म्हणून गेला होता, "पोरगी काळीच हाय जराशी, पन घर चांगलं हाय." साक्षगंधाच्या सकाळी गुरुजी मुलीच्या घरी गेले आणि मुलीच्या देखत त्यांनी ते वाक्य ऐकवलं. मोडलं सगळं. मुलीची आई भिंतीला टेकून खाली बसली. गुरुजींनी पुढ्यातला चहा संपवला आणि म्हणाले, "खरं समजलं हे काय कमी झालं?"

पूर्वीचे अँड्रॉइड फोन मुकाट्यानं दोन्हीकडचं बोलणं साठवत. पुढं कंपन्यांनी ती वाट बुजवली. गुरुजी कारंज्याला एका मोबाईलवाल्याकडे गेले आणि त्यांनी आपला फोन 'रूट' करून घेतला. म्हणजे कंपनीनं लावलेलं आतलं कुलूप तोडून घेतलं. "वारंटी गेली गुरुजी," दुकानदार म्हणाला. "मानसाचीच कुठी हाय वारंटी," गुरुजी म्हणाले. त्या फोडलेल्या फोनवर पुन्हा दोघांचे आवाज येऊ लागले. पण बँकेचं अ‍ॅप मात्र असा फोन असुरक्षित आहे म्हणून उघडेना. तोवर ते निवृत्त झाले होते; पेन्शन दिसेना तेव्हा त्यांना नवा फोन घ्यावा लागला.

नव्या फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय होती, पण बटण दाबताच एक बाई दोघांनाही इंग्रजीत सांगायची की हे बोलणं नोंदवलं जात आहे. गुरुजींना ती बाई सहन झाली नाही. "चोर पकडाच्या आधी शिट्टी वाजवाची काय?" असं म्हणून त्यांनी दुसरंच कुठलं तरी अ‍ॅप टाकलं, रूट न करता चालणारं. लाल ठिपका लागायचा, फाईल तयार व्हायची, तिला नाव आणि तारीख मिळायची. गुरुजी पुरावा तपासायचे तोही त्यांच्या पद्धतीनं. पहिली चार सेकंदं ऐकायचे. त्यात स्वतःचा आवाज वार आणि वेळ सांगताना ऐकू आला की समाधानानं फोन खिशात ठेवायचे. स्पीकरवर ते कधीच बोलत नसत. "स्पीकरवर बोलणं म्हंजे चौकात आंघोळ करणं," हे त्यांचं मत होतं. दुसऱ्याची आंघोळ चौकात घालायला त्यांची हरकत नव्हती.

एकदा त्यांचा हयातीचा दाखला बँकेत पोचवायचं मी फोनवर कबूल केलं आणि विसरलो. बँक बंद झाल्यावर तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या कबुलीचं रेकॉर्डिंग आलं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यात गुरुजी होते, वार होता, वेळ होती, मी नव्हतो. ते बोलत, मग शांतता, मग पुन्हा ते. नव्या फोनमधलं ते अ‍ॅप फक्त त्यांच्याच तोंडचं टिपत होतं. पलीकडचा माणूस त्यात उतरतच नव्हता. मला भज्यांची आरोळी आठवली. मी उत्तर लिहिलं, "ऐकलं गुरुजी. पुरावा पक्का आहे."

गुरुजींची थोरली बहीण आसेगावला दिलेली. आई लवकर गेली, त्यामुळे शाळेत जाताना गुरुजींच्या डोक्याला तेल तिनंच चोपडलेलं. वडिलांच्या शेताच्या सातबाऱ्यावर दोघांची नावं होती. आमच्याकडे भाऊ बहिणीला माहेरी बोलावतो, साडीचोळी करतो आणि ती कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून येते. ताईची ना नव्हतीच. पण ती अंथरुणाला खिळली होती, आणि गुरुजींना त्या घराचं दार बंद होतं. भाचा एकदा वैतागून त्यांना फोनवर म्हणाला होता, "बुढीचं दुखणं सरतच नाई." ते वाक्य गुरुजींनी जसंच्या तसं ताईला ऐकवलं होतं. तेव्हापासून तीन भाऊबीजा सुन्या गेल्या होत्या.

म्हणून गुरुजींनी ठरवलं की ताईच्या तोंडून फोनवरच वदवून घ्यायचं. रेकॉर्डिंगवर सातबारा बदलत नाही, हे त्यांना वकिलानं सांगितलं होतं. "सातबारा नाई बदलत, पन मानूस बदलते," ते मला म्हणाले. "भावकीसमोर आईचा आवाज वाजवला, की वारस म्हनून भाचा गुमान सही करते." एका रविवारी त्यांनी ताईला फोन लावला, हवं ते वाक्य मिळवलं, पहिली चार सेकंदं ऐकली आणि फाईलला नाव दिलं. नवव्या दिवशी ताई गेली.

तेरवीला त्यांनी मला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. कामरगावहून आसेगावपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात जीपमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. सांगायला तेवढा रस्ता भरपूर होता. गुरुजी खिशावर हात ठेवून बसले होते आणि मी खिडकीबाहेर सोयाबीन पाहत होतो.

मांडवात पहिली पंगत उठली तेव्हा गुरुजी उभे राहिले. "माह्या बहिणीचा शब्द हाय, साऱ्यायनं ऐका," असं म्हणून त्यांनी भजनासाठी आणलेल्या स्पीकरला फोन जोडला.

"आज रविवार, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं. बोल."

शांतता.

"ते राहू दे. दुखणं तुहं रोजचंच हाय. जमिनीचं बोल."

शांतता.

"मोठ्यानं बोल न! दम काय खाऊन राह्यली? पुरं नाव घेऊन म्हन."

बराच वेळ शांतता. वाढपी बुंदीचं भांडं हातात धरून उभे राहिले होते.

"हां. झालं."

शांतता.

"पाहू."

शांतता.

"पाहू म्हटलं न! ठेव आता."

गुरुजींनी फोन हलवला, आवाज वाढवला आणि रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या वेळी बायकांतून एक हुंदका आला. "बंद करा हो मास्तर," कोणीतरी म्हणालं. मग भाचा पुढं आला. तो ओरडला नाही.

"मामा, आई बोलली तवा मी तिच्या उशालेच बसून होतो. काय बोलली ते मले शब्दन्‌शब्द माहीत हाय."

गुरुजींचा चेहरा उजळला. "मंग सांग न यायले! सांग!"

"पुरावा आना," भाचा म्हणाला आणि दुसऱ्या पंगतीला पत्रावळी मांडायला गेला.

गावानं ही गोष्ट आवडीनं चघळली. पोरं त्यांना पाहून "पाहू, पाहू" म्हणू लागली. त्यांच्या फोनला कोणी उत्तर देईना, आणि दिलं तरी लोक आधी स्वतःच वार-वेळ सांगून त्यांना चिडवायचे. मीही एकदा सांगितली.

भाऊबीजेच्या दुपारी त्यांचा मला शेवटचा फोन आला. पुढच्याच महिन्यात ते गेले. त्या फोनवर त्यांनी वार सांगितला नाही, वेळ सांगितली नाही.

"सर," ते म्हणाले. "ती म्हने, दिली रे बापू, सारी दिली. मंग म्हने, यंदा भाऊबीजेले येशील न? तवा मी पाहू म्हटलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमाले तो दाखल्याचा फोन पाठवला होता म्या. तुमी ऐकला म्हटलं होतं. पक्का हाय म्हटलं होतं." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "सर, तुमाले माहीत होतं काय?"

"नाई जी, गुरुजी," मी म्हणालो.