चिठ्ठीवर नसलेलं नाव

“मोहल्लेवाल्यांची टीम मैदानात उतरत आहे.”

हे मी बोलले. माझ्याच तोंडाने, माइकवर, भर दुपारी, सगळ्या गावासमोर. त्या टीमचा पहिला चढाईपटू माझा धाकटा भाऊ होता.

दवनीवाड्याकडचं आमचं गाव. धान निघालं की शेताच्या रिकाम्या बांधीत मैदान आखायचं आणि कबड्डीचे सामने भरवायचे, ही दरवर्षीची रीत. मी गोंदियाच्या कॉलेजात शिकत होते, आवाज खणखणीत, म्हणून समालोचन माझ्याकडे आलं. टीमची नावं कशी पुकारायची याची चिठ्ठी मात्र मंडळाचे सचिव लिहून देत. बाकी साऱ्या टीमा आपापल्या नावाने. आमच्या बौद्ध मोहल्ल्याच्या पोरांनीही नाव नोंदवलं होतं, उजेड क्रीडा मंडळ. चिठ्ठीवर ते नव्हतं. ‘मोहल्लेवाले’ एवढंच.

मी वाचलं. कारण पहिल्या रांगेत नागपूरच्या रेडिओचे एक साहेब बसले होते. आवाज ऐकतो, पटला तर खेळाच्या कार्यक्रमाला बोलावतो, असं म्हणाले होते. मला ते काम हवं होतं. फार हवं होतं. खोटं कशाला बोलू?

मध्यंतराला भाऊ मैदानाच्या दोरीपाशी आला. गुडघा सोललेला, अंगभर माती.

“ताई, बाकीच्यायचं नाव घेऊन राहिली. आमचं काऊन नाही?”

तशीच सचिवांकडे गेले. म्हटलं, “नोंदवहीत त्यांचं नाव आहे. तेच पुकारते.”

त्यांनी सुपारी चघळत माझ्याकडे पाहिलंही नाही. “चिठ्ठीत लिवलं तेच बोल. माइक देल्ला, हे कमी हाय का तुले?”

म्हणजे घसा माझा आणि उपकार त्यांचे.

उत्तरार्ध सुरू झाला. चिठ्ठी चुरगळून पायाखाली टाकली. “उजेड क्रीडा मंडळाची चढाई!” मग सातही पोरांची नावं घेतली, आडनावासकट. सचिव धावत आले, माझं मनगट पिरगळून माइक हिसकावला. मी बिनामाइकची ओरडत राहिले. मोहल्ल्यातल्या बाया पदर खोचून उभ्या झाल्या आणि माझ्यामागून नावं घेऊ लागल्या. सामना आम्ही हरलो. तेही मी ओरडूनच सांगितलं, गुणांसकट. समालोचकाने हार लपवायची नसते.

जाताना साहेब म्हणाले, “आवाज उत्तम आहे. पण माइकवर जात आणायची नसते.”

जात म्हणे मी आणली होती!

त्यांचं बोलावणं आलं नाही. पुढे रेडिओच्या चार आवाज चाचण्यांत नापास झाले, पाचव्यांदा घेतलं. आज टीव्हीवरही कबड्डीचं समालोचन करते. स्टुडिओतही चिठ्ठ्या येतात, छापील, गुळगुळीत. ‘गरीब वस्तीतला पोरगा’ असं म्हणा, प्रेक्षकांना आवडतं म्हणे. मी खेळाडूचं नाव घेते, गाव घेते आणि पुढची चढाई सांगते.

परवा त्याच सचिवांचा फोन आला. “बाई, आता तू आपल्या गावची शान हायेस. यंदा फायनलले माइक तूच धर.”

“चिठ्ठी कोण लिहील?”

“मंडळच लिवते ना. नेहमीसारखी.”

“मग चिठ्ठी तुमच्याजवळच ठेवा,” मी म्हटलं. “नोंदवही आणा.”

फोन ठेवला त्यांनी. मी जाणार आहे. माइक दिला तर माइकवर. नाही दिला तर दोरीपाशी उभी राहून. पण नाव पुकारलं जाईल.