शिशाचं डोकं, शेळीचे केस

माझा मेहुणा कासुर्डीला हायवेवर टायरचं दुकान चालवतो. मासे धरायचं वेड त्यानंच मला लावलं. एका रविवारी तो रॉड आणि रीळ घेऊन आमच्याकडे निमोण्याला आला, मला गाडीवर मागे बसवून घोड धरणाच्या फुगवट्यावर घेऊन गेला, आणि संध्याकाळी घरी परतलो तेव्हा माझं निम्मं डोकं पाण्यातच राहिलं होतं.

गांडूळ लावून गळ टाकायचा आणि झाडाखाली डुलक्या घ्यायच्या, असली ही मासेमारी नव्हती. मेहुणा जिग वापरायचा. जिग म्हणजे शिशाचं छोटं डोकं, त्यातून बाहेर आलेला गळ आणि मागे रबराची नाहीतर पिसांची शेपटी. ते लांब फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं आणि रॉडला हलके झटके देत उड्या मारत आणायचं. माशाला वाटतं, कुणीतरी बारकं जित्राब घाबरून पळतंय. मग तो मागे लागतो.

अडचण एकच होती. फुगवट्यात जुन्या बाभळी बुडालेल्या आहेत. जिग तळाला गेलं की बाभळीत अडकायचं, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ताणून तुटायचा आणि जिग बाभळीला फळ लागल्यासारखं तिथंच राहायचं. नवं आणायचं तर पुण्याला जायचं, नाहीतर पार्सलची वाट बघायची. शेवटी मी मेहुण्याला म्हणालो, "पाव्हणं, हे घरीच का करू नये?"

"करा की दाजी," तो म्हणाला. "शिसं मी देतो. चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं डबाभर पडल्यात दुकानात. मोल्डचं काम तर तुमचंच."

ते खरं होतं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोल्डिंग मशिनवर काम करतो. दिवसभर साच्यातून प्लॅस्टिकचे भाग काढणाऱ्या माणसाला एवढंसं शिशाचं डोकं काढता येऊ नये?

पहिला साचा मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. एक विकतचं जिग त्यात अर्धं बुडवलं, वर तेल लावलं, दुसरा अर्धा भाग ओतला. साचा उघडला तर आत डोक्याची आणि गळाची अगदी रेखीव खूण उमटलेली. मला एवढा आनंद झाला की धीर धरवेना. साचा वरून कोरडा दिसत होता. गोठ्यामागे तीन दगड मांडून जाळ केला, फोडणीच्या जुन्या लोखंडी पळीत शिसं वितळवलं आणि ओतलं.

फट्! बंदुकीसारखा आवाज झाला. प्लास्टरच्या पोटात ओल राहिली होती, तिची वाफ झाली आणि तापलेलं शिसं उलटं वर उडालं. कारखान्यातला चष्मा आणि हातमोजे घातले होते म्हणून वाचलो. शिशाचा एक थेंब गोठ्याच्या पत्र्याला जाऊन चिकटला. तो अजूनही तिथंच आहे.

बायको धावत आली. आधी तिनं माझे डोळे बघितले, मग हात बघितले आणि सगळं जागच्या जागी आहे म्हटल्यावर तिचा आवाज चढला.

"अहो, मासं धरायला निघालाय का लढाईला? आन् ती माझी पळी?"

"आता ती घरात आणायची नाही. शिसं विषारी असतं."

"म्हंजी पळी पण गेली!"

नवी पळी आली. साचा पत्र्यावर उन्हात चांगला खडखडीत वाळवला. पुढच्या वेळी साच्यात गळ ठेवून ओतलेलं शिसं गुपचूप आत शिरलं, साचा उघडला आणि चकचकीत डोकं हातात आलं. मी ते शर्टाच्या खिशात घालून घरभर फिरलो.

आता राहिली शेपटी, आणि तिथं माझं घोडं अडलं. कोंबड्याची पिसं बांधली, ती दोन फेकींत गळून गेली. दुधाच्या पिशवीच्या पट्ट्या कापून बांधल्या, त्या पाण्यात ताठच राहायच्या. मी ओट्यावर बसून दोऱ्याशी झुंजायचो आणि आई समोर लसूण सोलत बघत बसायची.

आईबद्दल सांगायला हवं. माझ्या लहानपणी आमच्याकडे मेंढरं होती. मेंढरं विकून वडलांनी शेती धरली, पण आईच्या बोटांतली लोकर गेली नाही. चातीवर सूत काढावं तर तिनं, एडक्याच्या गळ्यात बांधायचे रंगीत गोंडे करावेत तर तिनं. आजूबाजूच्या वाड्यांवरून लोक तिच्याकडे गोंडे मागायला यायचे. आणि दुसरी गोष्ट, आई माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ. मासे-मटणाचं भांडंसुद्धा तिच्या चुलीला चालत नाही. बायको आणि मी ते बाहेर वेगळ्या चुलीवर करतो.

त्यामुळे तिला या कामात ओढायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. पण एक दिवस तिला माझं दोरा गुंडाळणं बघवेना.

"आरं, आसं कुनी बांधतं व्हय? त्याला गाठ न्हाई, पीळ न्हाई. मढं बांधल्यागत बांधलंयस."

"मग तू दाखव ना."

"मी न्हाई बाबा. जिवाला गळ लावायच्या कामात मी हात घालनार न्हाई."

मी पुन्हा तसंच मढं बांधायला लागलो. थोड्या वेळानं लसणाची ताटली बाजूला सरकली.

"गळ तू लाव," आई म्हणाली. "मी निसता गोंडा करून देते. गोंडा करायला काय पाप न्हाई."

तिचा पहिला गोंडा लोकरीचा होता. इतका देखणा, की पाण्यात टाकायचं जिवावर आलं. मी गुरांच्या हौदात तो दोऱ्यानं ओढून बघितला. लोकर पाणी प्यायली आणि त्याचा भिजलेल्या मांजरासारखा गोळा झाला. आई हौदाशी येऊन उभी राहिली आणि तिनं कपाळाला आठी घातली. एडक्याच्या गळ्यातला तिचा गोंडा पावसातसुद्धा बसायचा नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर आई कात्री घेऊन गोठ्यातल्या बोकडाची दाढी धरून उभी होती. बोकड भलताच नाराज होता. शेळीचे केस गुळगुळीत असतात, पाणी पीत नाहीत, हे रात्रभर विचार करून तिच्या ध्यानात आलं होतं. आत दाढीचे पांढरे केस, वर काळ्या शेळीच्या शेपटीचे, आणि मानेशी लाल दोऱ्याचे वेढे. हौदात ओढलं तर केस मिटायचे, थांबलं की फुलायचे. मिटायचे, फुलायचे. अगदी श्वास घेतल्यासारखं दिसत होतं. बोकडही हौदात डोकावून आपली दाढी पोहताना बघत होता.

"हां," आई म्हणाली. "आता जित्तं वाटतंय."

त्यानंतर तिला दम निघेना. मासळीला लाल दिसतं का हिरवं, ती खालून बघती का बाजूनं, असे प्रश्न ती मला जेवताना विचारायची. मला त्यातलं निम्मं माहीत नसायचं. पण गोंडे देताना तिनं एक अट घातली.

"माझ्या गोंड्याला पयला जो मासा यील, त्यो मारायचा न्हाई. सोडायचा."

मी कबूल झालो.

त्या रविवारी मेहुणा पहाटेच आला. त्याच्याकडे विकतची चमचमती रबरी जिगं होती. आईचं जिग बघून तो हसला. "दाजी, दाढी करायचा ब्रश आणलाय का?"

ऊन वर आलं तरी दोघांनाही काही लागलं नव्हतं. मेहुण्याची जिगं एकेक करून बाभळींनी ठेवून घेतली. मी बाभळींच्या कडेला, पाणी जिथं गडद होतं तिथं फेकलं. तळाला टेकू दिलं, उचललं, पुन्हा टेकू दिलं. तिसऱ्या का चौथ्या उचलीला रॉड थेट पाण्यापर्यंत वाकला.

"मरळ!" मेहुणा ओरडला. "ढील द्या, ढील द्या! बाभळीकडं जाऊ देऊ नका!"

ढील द्यायची आणि बाभळीकडे जाऊ द्यायचं नाही, हे दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यानं सांगितलं नाही. मी गुडघाभर पाण्यात शिरलो. मासा एकदा बाहेर उसळला तेव्हा हाताच्या लांबीचा काळा-सोनेरी अंगाचा मरळ दिसला. शेवटी मेहुण्यानं जाळी खाली घातली आणि आम्ही दोघं चिखलात बसलो.

"आजचं कालवण झालं," तो म्हणाला.

"हा सोडायचाय."

मी अट सांगितली. त्यानं जाळीतल्या मरळावर पाणी शिंपडलं. मग म्हणाला, "निदान मावशींना दाखवा तरी. नुसता फोटो दाखवला तर म्हणतील, खाऊन आले."

म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. बायकोनं फोन आईच्या समोर धरला. पडद्यावर आधी आईचा नुसता कान दिसला, मग कपाळ, मग सगळा चेहरा. मी काठाच्या पाण्यात मरळ दोन्ही हातांनी धरला होता, माझा फोन मेहुण्याच्या हातात होता.

"आई, बघ. तुझ्या गोंड्याला आलाय."

तिनं फोन जवळ ओढला. मला वाटलं, गहिवरली.

"गोंडा शाबूत हाय का?" तिनं विचारलं.

"हाय."

"केस न्हाई ना उपटलं त्यानं?"

"एकसुद्धा नाही."

"मग सोड. माझ्या म्होरं सोड."

मी हात सैल केले. मरळ क्षणभर तिथंच थांबला, मग शेपटीचा एक फटका मारून गडद पाण्यात गेला. मेहुण्यानं डोक्याला हात लावला. फोनमधून आईचा आवाज आला, "आता दुसरा धरा. तुमच्या पोटाचं मी कुठं काय म्हनते?"

दुसरा मिळाला, तोही मरळच, जरा लहान. तो बाहेरच्या चुलीवर शिजला. आम्ही अंगणाच्या एका टोकाला जेवलो, आई दुसऱ्या टोकाला पिठलं-भाकरी खात दाताच्या खुणा पडलेलं जिग डोळ्यांजवळ धरून तपासत होती. मेहुणा जेवण झाल्यावर तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

"मावशी, मला पण करून द्या की. दौंडला भीमेवर जाऊन येतो."

"ब्रश कशाला पायजे तुला?" आई म्हणाली. पहाटे अंगणातलं त्याचं बोलणं माझ्या बायकोनं तिला सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात आईच म्हणाली, मला एकदा तिथं ने. मी तिला पाण्यावर घेऊन गेलो. वाटलं होतं, सावलीला बसेल. ती सरळ काठाशी आली आणि हात पुढे केला.

"मला टाकू दे. पर त्याचा गळ काढ."

मी पक्कडीनं गळ मुळातून तोडला. राहिलं नुसतं शिशाचं डोकं आणि केसांचा गोंडा. रॉड कसा धरायचा ते दाखवलं. तिची पहिली फेक मागच्या झुडपात गेली, दुसरी तिच्याच पायाशी पडली. पुढची मात्र नितळ उथळ पाण्यात पोचली. मी तिचा हात धरून हलके झटके द्यायला शिकवलं. गोंडा मिटत, फुलत काठाकडे यायला लागला आणि त्याच्या मागे बोटभर मासळ्यांची एक झुंड, अगदी कळपासारखी, वळणं घेत येऊ लागली.

"आली बघ!" आई ओरडली. पदर पाण्यात भिजत होता, तिला भान नव्हतं. "आरं, मागं आली माझ्या!"

मासळ्या तिच्या पायांपर्यंत आल्या, गोंड्याला तोंडं लावली आणि पसरल्या. तिनं तो उचलला, पाणी झटकलं आणि मला म्हणाली, "फेक बघू परत. लांब फेक."