हौसरावानं ओढा ओलांडला

धुरपदाबाई मोठ्या मनाची होती असं कुणी म्हणू नये. तिनं सूड घेतला, आणि पोटभर घेतला.

वरवंडच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडं धनगरांची वस्ती. धुरपदाबाईची मेंढरं कधीच विकली गेली होती, राखणीचं कुत्रं तेवढं उरलं होतं. त्र्याण्णव साली ते पिसाळलं आणि तिच्या एकुलत्या एका मल्हारच्या पोटरीला चावलं. कुत्रं चावलं की झाडपाल्याचं औषध देणाऱ्या हौसरावाकडं जायचं, ही वस्तीची रीत. तो गुळातून मुळी द्यायचा आणि बजावायचा, "सुई टोचायची न्हाई, ओढा वलांडायचा न्हाई. वलांडला की मुळी उतरली." सरकारी दवाखाना दौंडला, म्हणजे ओढ्यापलीकडं. धुरपदाबाईनं पोराला ओढ्याकडं फिरकूही दिलं नाही. जखम भरली, तेव्हा तिनं हौसरावाला धोतरजोडी नेसवली.

दोन महिन्यांनी मल्हार पाणी बघून दचकायला लागला. मग तिनं ओढा ओलांडला.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "या विषाणूला स्वतःची चूल नसते. चावल्या जागी तो मज्जातंतूच्या पेशीत शिरतो, आतून मेंदूपर्यंत चढतो. तिथल्या पेशींना राबवून आपल्यासारखेच ढीगभर करून घेतो, आणि ते लाळेत उतरतात. चढायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात इंजेक्शनं घेतली तर शरीर त्याला वाटेत अडवतं. आता तो पोचलाय, बाई."

"म्हंजी वेळ व्हता," धुरपदाबाई एवढंच म्हणाली.

मल्हार गेला. तिला हौसरावाचा मनापासून द्वेष वाटायचा आणि तो तिनं जपला. त्याच्या अंगणासमोरच्या बाभळीखाली ती रोज शेळी घेऊन बसायची. कुणी लंगडत आलं की उठायची. "आधी साबणानं जखम धू. मग चल माझ्यासंगं." तिनं नेलेली माणसं जगली, तरी निम्मी वस्ती हौसरावाचीच राहिली. साधं कुत्रं चावलेली माणसं मुळी खाऊनही जगायचीच, त्याला कोण काय करणार.

मग दोन हजार सालच्या उन्हाळ्यात हौसरावालाच पिसाळलेलं कुत्रं चावलं. बाजाराचा दिवस, वाटेवर सगळी वस्ती. तो तिच्या दारात आला, धोतराला रक्त.

"वैनी, मला दवाखान्यात न्या. पर मागल्या वाटंनं. कुणाला दिसाय नगं."

दार लावून घ्यावं, असं तिला फार वाटलं. मरू दे, मल्हार मेला तसाच. पण हा मेला तर वस्ती याचं देवासारखं ठाणं मांडेल आणि याचा लेक मुळी वाटायला बसेल.

तिनं साबण पुढं टाकला. "पाय धुवा. आन् मागनं न्हाई, मधल्या वाटंनं जायचं."

मनगट धरून तिनं त्याला सगळ्या वस्तीतून नेलं. माणसं मागं आली. ओढ्यावर तो थांबला.

"कशापायी वलांडताय ते सांगा," ती म्हणाली.

"सुई टोचून घ्याया."

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं सांगितलं आणि पाण्यात पाय घातला.

इंजेक्शनं पुरी होईपर्यंत तिनं त्याला रोज त्याच वाटेनं नेलं. मुळीसाठी त्याच्या दारात पुन्हा कुणी आलं नाही. हौसराव पुढं बरीच वर्षं जगला, रिकाम्या अंगणात बसून. समोर बाभळीखाली धुरपदाबाई बसलेली असायची.