काळ्या रेघा नकोत

सात वर्षं शेवंती घाडी काजूच्या कारखान्यात प्रतवारीच्या टेबलाशी बसली. समोर सोललेल्या गरांचा ढीग, हाताशी टोपल्या. अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागाळलेला वेगळा. नव्या बाया एका नजरेत सगळंच बघायला जात आणि चुकत. शेवंती पहिल्या फेरीत फक्त तुटलेलं बघे, दुसऱ्या फेरीत फक्त डाग, तिसऱ्या फेरीत फक्त आकार. "एका वेळेक एकच बघूचा," असं ती शेजारणीला सांगे. तिचा ढीग सर्वांच्या नंतर संपे, पण तिने निवडलेला माल कधी परत आला नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. मसुऱ्यातल्या तिच्या वाडीत चौदा बायांचा बचत गट होता. आमसुलं, कोकमाचं आगळ, मालवणी मसाला आणि कुळथाचं पीठ असा चार वस्तूंचा माल त्या करत. माल चांगला होता, पण तो खपायचा आंगणेवाडीच्या जत्रेत. दोन दिवस उसंत नसे आणि उरलेलं वर्षभर डबे कोनाड्यात पडून असत. शेवंती गटात आली आणि वजन, पाकीटबंदी, बाहेरची बोलणी ही कामं आपसूक तिच्याकडे गेली.

२००७ च्या मे महिन्यात कणकवलीला महामार्गालगत एक मोठं दुकान उघडणार होतं. तिथे संगणकावर बिल होणार होतं. एका सोमवारी शेवंती चारही वस्तूंचे नमुने पिशवीत घालून तिथे गेली. दुकानाचा व्यवस्थापक प्रितेश नावाचा तिशीचा माणूस होता. त्याने मसाल्याचा वास घेतला, आगळाची बाटली उजेडात धरली आणि मान हलवली.

"मावशी, माल उत्तम आहे. पण आमच्याकडे हाताने काही लिहीत नाहीत. पाकिटावर रेघांचा कोड पाहिजे आणि तो मशीनने वाचला पाहिजे. पुढच्या सोमवारी प्रत्येक वस्तूचे दहा नग आणा. मी स्वतः वाचून बघेन. वाचले तर एक फळी तुमची, बारा महिने."

"आणि एखादा नाही वाचला तर?"

"काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग असते. तिथे एखादासुद्धा चालत नाही. आणि या फळीसाठी दुसरा पुरवठादार थांबलाय, तेही सांगून ठेवतो."

त्याने गटाच्या प्रत्येक वस्तूला दुकानाचा आठ आकडी क्रमांक दिला आणि त्या क्रमांकांच्या रेघा एका कागदावर छापून दिल्या. शिवाय घरी तपासून बघण्यासाठी एक जुनं वाचकयंत्र उसनं दिलं. आकार पिस्तुलासारखा, घोडा दाबला की पुढच्या काचेतून लाल उजेड पडायचा. शेपटीला दोन तोंडांची वायर होती. एक तोंड संगणकाला, दुसरं कीबोर्डला.

संगणक मसुऱ्यात हायस्कुलात होता. सुट्टीचे दिवस होते, मुख्याध्यापकांनी किल्ली दिली. बुधवारी दुपारी शेवंतीने संगणक चालू केला, मागची कीबोर्डची वायर उपसली आणि मध्ये यंत्राची वायर अडकवली. घोडा दाबला. यंत्र गप्प. कीबोर्डही गप्प. तिचा नवरा सत्यवान तिला सोबत म्हणून आला होता, तो दारात बसून वारा घेत होता.

"बिघाडलस काय गो शाळेचो कंप्युटर?"

"गप ऱ्हवा वायच."

यंत्रासोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत होती, पण चित्रं होती. पहिल्याच चित्रात संगणकाच्या बटणावर फुली मारलेली होती. म्हणजे आधी बंद करायचं, मग वायर जोडायची. तिने तसं केलं. संगणक पुन्हा उठला, यंत्रातून दोनदा 'पीक' असा आवाज आला आणि काचेतला उजेड लागला. प्रितेशने दाखवल्याप्रमाणे तिने पडद्यावर लिहिण्याचं कोरं पान उघडलं. त्याने दिलेल्या कागदावरच्या पहिल्या रेघांवर यंत्र धरून घोडा दाबला. पीक. पडद्यावर आठ आकडे उमटले. दुसऱ्या वेळी आकडे पहिल्याला चिकटूनच आले. पुस्तिकेत यंत्रालाच हुकूम देणाऱ्या रेघा होत्या, त्यांतली एक वाचली की आकड्यांनंतर ओळ बदलायची. ती सापडेपर्यंत तिने चुकून दुसरीच वाचली आणि यंत्राचा आवाज गेला. मग शेवटच्या पानावरची, सगळं मूळपदावर आणणारी रेघ वाचून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पाच वाजता निघताना तिने बिस्किटांचा पुडा, साबण, सत्यवानच्या खिशातली काडेपेटी, हाती लागेल ते वाचून बघितलं होतं. ज्यावर रेघा होत्या ते सगळं वाचलं.

लेबलं मालवणला भिकाजीच्या छापखान्यात टाकली होती. भिकाजीचा धंदा लग्नपत्रिकांचा आणि निवडणुकीच्या पत्रकांचा. यंत्र जोडण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, शेवंती तिथे गेली होती, तेव्हा गटातली सगळ्यात वयस्कर काशीबाई बरोबर होती. पांढरं लेबल, कुंकवासारखी लाल चौकट, खाली रुंद लाल पट्टी, हे आधीच ठरलं होतं. भिकाजीने कोपऱ्यात काळ्या रेघांचा चौकोन आखून दाखवला आणि काशीबाईने पदर सरसावला.

"काळ्यो रेघो? जत्रेक जाणारो माल तो आमचो. ह्यां लेबल आसा काय सुतकाची चिठी?"

"काकी, संक्रांतीक काळी साडी नेसतास, ती चलता?" शेवंती म्हणाली.

"ती मी नेसतंय. मालाक नेसवत नाय."

भिकाजी हसला. "माका काय, सांगशात तो रंग. लग्नपत्रिकेची लाल शाई मशीनार चढलेलीच आसा. सगळाच लाल करतंय, माझोय वेळ वाचतलो."

शेवंतीने विचार केला. रेघांची जाडी तीच, अंतर तेच. रंगाबद्दल प्रितेश काही बोलला नव्हता. चौदा बायांत काशीबाईचा शब्द शेवटचा असे, आणि रंगासाठी तिच्याशी वाद घालावा असं शेवंतीला वाटलं नाही. तिने होकार दिला.

गुरुवारी एस.टी.ने तीन हजार लेबलं आली. शेवंतीने एक आमसुलांच्या पाकिटाला लावलं, हायस्कुलात गेली आणि घोडा दाबला. लाल उजेड पडला. आवाज नाही. जवळ धरलं, लांब धरलं, तिरकं धरलं. पडदा कोरा.

"मशीन गेला असतला," सत्यवान म्हणाला. "परत देवन टाक."

शेवंतीने प्रितेशचा कागद वाचून बघितला. पीक. म्हणजे यंत्र शाबूत होतं. मग तिने एकेक गोष्ट बाजूला काढायला सुरुवात केली. पाकिटाचं प्लास्टिक चमकतं, म्हणून लेबल सोडवून टेबलावर सपाट ठेवलं. वाचलं नाही. छपाईत चूक असेल म्हणून लेबल आणि प्रितेशचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. रेघेवर रेघ बसली. लहान-मोठं असंही काही नव्हतं. आता दोन्हींत फरक उरला तो एकच.

उन्हाची तिरीप टेबलावर येत होती. तिने खिडकी लोटली, लेबलावर पदराचा आडोसा केला आणि घोडा दाबून ठेवून रेघांकडे बघत राहिली. यंत्राच्या लाल उजेडात लाल रेघा नव्हत्याच. चौकटही नव्हती. खालची पट्टी पांढऱ्या कागदासारखी दिसत होती. कागद कोरा होता आणि यंत्र कोरा कागद बघत होतं.

सोमवारच्या आधी हातात तीन दिवस होते. भिकाजीने काम घेतानाच बजावलं होतं, लग्नसराई आहे, यानंतर आठ दिवस नवीन काम घेणार नाही. शेवंती बाकावर बसली. घरी जाऊन चौदा बायांना काय सांगायचं, त्यात काशीबाईला काय, याची जुळवाजुळव तिने मनात केली. मग ती उठली आणि हाती लागेल तो रंग त्या उजेडाखाली धरायला लागली. पिशवीतली हळद फिकी पडली, जवळजवळ गेली. निळ्या शाईची रेघ दिसत राहिली. खिडकीबाहेर हापूसचं कलम होतं. तिने एक पान तोडलं आणि लेबलावरच्या लाल पट्टीवर ठेवून घोडा दाबला. पट्टी पांढरी झाली. त्यावर पान काळंकुट्ट.

"अहो, हय येवा," तिने सत्यवानला हाक मारली. "ह्यां पान खंयच्या रंगाचा?"

"हिरव्या. तुका काय झाला गो?"

"आता वायच वाकान बघा."

सत्यवानने वाकून बघितलं, पान उचलून उजेडात नेलं, परत ठेवलं. "च्यायला," तो म्हणाला आणि ते पान खिशात घालून घरी घेऊन आला.

संध्याकाळी काशीबाईच्या पडवीत बैठक झाली. शेवंतीने आपली चूक आधी सांगितली, रंगाचं दुकानात विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही. मग उपाय सांगितला. लेबलं फेकायची नाहीत. खालच्या लाल पट्टीवरच दुसऱ्या रंगात रेघा छापायच्या, यंत्राला पट्टी पांढरीच दिसते. निळ्या चालतील, हिरव्या चालतील.

"निळो नको. सरकारी शिक्को कसो," काशीबाई म्हणाली. "हिरवो चलात. चुडो हिरवो, खण हिरवो. आणि ह्यो लाल रेघो?"

"त्यो मशीनाक दिसनतच नाय. ऱ्हवंदेत तशोच."

"ऱ्हवंदेत. रांगोळी कशी दिसता."

शुक्रवारी पहिल्या गाडीने शेवंती लेबलांचा गठ्ठा घेऊन मालवणला गेली. नवीन काम नको म्हणणाऱ्या भिकाजीला तिने सांगितलं की कागद कापायचा नाही, चौकट आखायची नाही, एक रंग एकदा फिरवायचा. तो कुरकुरत पत्रिकांच्या गठ्ठ्यामागून उठला. "लालार हिरवो? वयनी, चाळीस वर्षां छापतंय, असली मागणी कोणी केल्यान नाय." त्याने तीन नमुने काढून दिले: पोपटी, पानाचा हिरवा आणि गडद. ती दुपारच्या गाडीने परतली आणि हायस्कुलात जाऊन प्रत्येक नमुना वीसदा वाचून बघितला. पोपटी बारा वेळा वाचला. पानाचा हिरवा एकोणीस वेळा. गडद वीसपैकी वीस. संध्याकाळी तिने छापखान्यात फोन करून गडद छापायला सांगितला.

शनिवारी लेबलं आणायला काशीबाईही आली. लेबल हातात घेताच तिने ते नाकाशी नेलं, लांब धरलं आणि कडाडली, "भिकाजी, मेल्या! ही काळीच!"

खरंच, लाल पट्टीवर पडलेला गडद हिरवा जवळजवळ काळा दिसत होता. हे शेवंतीच्याही ध्यानात आलं नव्हतं. नमुने बघताना तिचं सगळं लक्ष आवाजाकडे होतं.

"काकी, हय येवा," भिकाजी शांतपणे म्हणाला. "ह्यो रोलर. बोट लावा."

काशीबाईने बोट लावलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडराच्या कोऱ्या कडेला पुसलं. हिरवागार पट्टा उठला. तिने त्या पट्ट्याकडे बघितलं, मग लेबलाकडे.

"शाई हिरवी ना?"

"तुमच्या बोटार आसा, काकी."

"मगे माझा काय म्हणणा नाय," काशीबाई म्हणाली आणि गठ्ठा उचलून पिशवीत टाकला. "दिसता तां दिसांदे."

रविवारी चौदा बायांनी लेबलं लावली. लावलेला प्रत्येक नग शेवंतीने वाचला. सुरकुती पडलेली सहा पाकिटं तिने परत फिरवली, त्यांत दोन काशीबाईची होती. काशीबाईने ती मुकाट्याने सोडवून पुन्हा चिकटवली.

सोमवारी कणकवलीच्या दुकानात प्रितेशने चाळीस नग काउंटरवर मांडले. शेवंती आणि काशीबाई समोर उभ्या राहिल्या. त्याने आमसुलं वाचली, दहाच्या दहा. मसाला, दहा. पीठ, दहा. मग आगळाची पहिली बाटली उचलली. उजेड पडला, आवाज नाही. त्याने पुन्हा दाबलं. आवाज नाही. काशीबाईने शेवंतीचा दंड धरला.

"साहेब, तुम्ही लांब धरताय," शेवंती म्हणाली. "बाटली गोल आहे. गोलाला चार बोटांवर धरायचं, सपाटाला वीतभर चालतं."

प्रितेशने तिच्याकडे बघितलं, मग यंत्र जवळ नेलं. पीक. दुसरी बाटली, पीक. दहाव्या बाटलीपर्यंत त्याचा हात चार बोटांवर पक्का बसला होता.

"किती नग वाचलेत तुम्ही?" त्याने विचारलं.

"काल एका दिवसात तीनशे बारा."

त्याने लेबलावर नखाने खरवडून बघितलं. "असा रंग का केलात? सगळे साधा काळा करतात."

"आमच्याकडे काळा नको होता," शेवंती म्हणाली. काशीबाईने मान डोलावली.

फळी दाराजवळची होती, कमरेच्या उंचीची. प्रितेशने वहीत गटाचं नाव लिहिलं आणि दोघींना माल लावायला सांगितलं. शेवंतीने आधी फळीवर हात फिरवला, मग दाराकडे आणि बाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

"दुपारी इथे ऊन येतं?"

"चारच्या सुमारास येतं थोडं. का?"

"मग आगळ इथे नको. रंग उतरतो, महिन्यात बाटली फिकी पडते. बाकीचं राहील, पण आगळाला सावलीची जागा द्या."

प्रितेश आतल्या रांगेत गेला, एका फळीवरचे साबणाचे खोके उचलून खाली ठेवले आणि फडक्याने फळी पुसायला लागला. काशीबाई दोन्ही हातांत दोन बाटल्या घेऊन त्याच्या मागे उभी होती.

"वायच बेगीन पूस रे झिला," ती म्हणाली. "अजून आठ आणूच्यो आसत."