माझ्याच गावात पाहुणी होऊन

आमच्या गावाच्या वेशीला लागून पूर्वी जकातीचा नाका होता. बैलगाडी आली की आतला माणूस दांडकं आडवं घालायचा आणि पोत्यात हात खुपसून बघायचा. जकात बंद झाली, नाका ओस पडला, तिथं कुत्री निजू लागली. काही वर्षांपूर्वी त्याला रंग लागला, काचेचं दार बसलं आणि वर पाटी आली, पर्यटक माहिती केंद्र. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. पाटी वाचता आली, पण तिचं कारण काही कळलं नाही. आमच्या गावात बघायला एक वेस, एक बारव, नदीवरचा घाट आणि गुरुवारचा बाजार. यातलं काहीच झाकून ठेवलेलं नाही. मग ते दाखवायला पगारी माणूस कशाला, असं माझ्या मनात तेव्हाच आलं.

वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला, बारवेच्या कठड्याला पाठ लावून माझी जागा. मी घेवडा, हुलगा, मटकी, पावटा विकते. सासू तिथं बसायची, तिच्यामागं मी बसते. आमच्या बाजारात जागेला कागद नसतो, दगड असतो. ज्याचा त्याचा एक बसायचा दगड, तो आठवडाभर तिथंच पडून राहतो. दुसऱ्याच्या दगडावर कुणी बसत नाही. बसलाच तर त्याच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो.

माझ्या शेजारी दोरवाला बसतो. दावी, कासरे, सुतळी विकतो. मला वैनी म्हणतो. मागच्या पावसाळ्यात एका गुरुवारी तो फार खुशीत होता. नगरपालिकेच्या माणसानं त्याच्याकडची सगळी पांढरी सुतळी नेली होती आणि भावही केला नव्हता. कशाला नेली, हे यानं विचारलंच नाही.

"भाव न करता सरकारी माणूस सुतळी नेतोय," मी म्हटलं, "म्हंजे ती कुणाच्या तरी गळ्याला लागणार."

"तुमाला देव जरी भेटला वैनी, तरी तुमी त्येला गाव विचारशीला," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी येऊन बघते तर बारवेपासून वेशीपर्यंत चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा. सुतळी धरून मारल्यासारख्या सरळ. एक रेघ माझ्या दगडावरून गेली होती. बाकीच्यांनी त्यावरच पोती अंथरली. कुणी म्हणालं मिरवणूक असेल, कुणी म्हणालं मुलांच्या शर्यती असतील. दोरवाल्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. याला रेघा मारताना दिसल्या नाहीत कशा? त्या दिवशी मी त्याच्याशी फारसं बोलले नाही.

मी नगरपालिकेत गेले. तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, तसं काही नाही, तुम्ही बसा निवांत. निवांत बसा म्हणणाऱ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. परतताना डोक्यावर घेवड्याची पाटी होती तशीच मी माहिती केंद्राच्या दारात थांबले. आत एक चष्मा लावलेली मुलगी बसते. सांगलीची, विश्रामबागेतली. इथं औषधाच्या दुकानावर खोली घेऊन राहते. तिनं दार वीतभर उघडलं. आतून गार वारा आला.

"आजी, हे बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे," ती म्हणाली. वाईट बोलली नाही. पण दारही वीतभरच ठेवलं.

ते तिचं बोलणं घेऊनच मी घरी गेले. बाहेरून येणाऱ्यांसाठी असेल तर बाहेरून येऊ, त्यात काय.

चार दिवसांनी, बाजार नसलेल्या दिवशी, मी लग्नाकार्याचं इरकल नेसले. पायात चप्पल घातली, सुनेची पर्स काखेत मारली. कुठं चालला म्हणून सुनेनं विचारलं, तिला दवाखाना सांगितलं. काचेतून रस्ता दिसतो हे मला ठाऊक होतं, म्हणून आधी एसटी स्टँडवर गेले. कराडची गाडी आली, तिच्यातून उतरलेल्या माणसांत मिसळून वेशीकडं आले.

या वेळी दार पूर्ण उघडलं. मुलगी उठून उभी राहिली. मला खुर्ची दिली, गार पाणी दिलं. चार दिवसांपूर्वी हेच तोंड तिनं पाहिलं होतं, पण तेव्हा त्याच्यावर पाटी होती.

कुठून आलात म्हणाली. मी मेढ्याचं नाव सांगितलं. माहेर तिकडचंच आहे, त्यामुळं अडखळावं लागलं नाही. तिनं घडीचा रंगीत कागद दिला. मग वेस कुणी बांधली, बारवेत उतरायचं कसं, घाटावर देवळं किती, सगळं सांगत बसली. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं की हितं बाजार भरतो म्हणं.

तिचा चेहरा खुलला. बाजाराचं तिनं असं वर्णन केलं की तो मी आजवर बघितलाच नाही असं मला वाटलं. मग म्हणाली, "पण बघायचा असेल तर दिवाळीच्या आत या, आजी. नंतर बाजार बायपासला जाणार. इथं गाड्या लावायची सोय होईल. तुमच्यासारख्यांना वेशीपर्यंत चालायला नको."

मी पाणी संपवलं.

"आन् हितं बसत्यात त्या बायकांस्नी सांगितलंय?"

तिनं चष्मा सारखा केला. "ते आमच्याकडं नसतं, आजी."

गावातलीनं विचारलं तर काही नाही, आणि पाहुणीला न विचारता सगळं. मी तिचे आभार मानले, रंगीत कागद पर्समध्ये घातला आणि ती बघत असेल म्हणून पुन्हा स्टँडपर्यंत चालत गेले.

गुरुवारी दोरवाल्याला सांगितलं तर तो हसला. तुमाला दिसाउजेडी भुतं दिसत्यात म्हणाला. मी म्हटलं, तू जाऊन बघ, पण पाहुणा होऊन जा. दोन दिवसांनी तो धुतलेली टोपी घालून गेला. गाव शिराळा सांगितलं. त्याला तर चहा विचारला. परत माझ्या घरी आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

"खरं हाय, वैनी," एवढंच म्हणाला.

मग आम्ही बाजारकरी मिळून नगरपालिकेत गेलो. बायका पुढं, पुरुष मागं, नेहमीसारखं. आतल्या साहेबानं आधी तसं काही नाही हेच सुरू केलं. दिवाळी, बायपास, गाड्या, असं मी एकेक म्हणत गेले तसं त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"माहिती केंद्रानं," मी म्हटलं. "माहिती द्यायलाच बसीवलंय न्हवं ते?"

मागं बायका हसल्या. साहेब उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून फोनवर बोलत राहिला. येताना दोरवाला म्हणाला, त्या पोरीची नोकरी जाईल. मी म्हटलं, मी तिचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, तिथं दुसरं कोण बसतंय? ते खरं होतं. पण माझी जागा जात होती तेव्हा तिनं खुर्चीवरून उठून चार पावलं येऊन मला सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली. बाजार हलला नाही. गुरुवारी बाजार आणि बाकीचे दिवस गाड्या, असं ठरल्याचं नगरपालिकेनं तोंडी सांगितलं. तोंडी सांगितलेलं तोंडी बदलता येतं, हे मी तिथंच बोलून दाखवलं. फक्कीच्या जागी आता ऑइल पेंटच्या रेघा आहेत. एका गाडीच्या चौकटीत आम्ही चौघी बसतो.

मुलीची नोकरी गेली नाही. मात्र आता नऊवारीतली म्हातारी दारात आली की ती आधी गाव विचारते, मग कुणाच्या म्हणून विचारते आणि बारवेपलीकडं काही सांगत नाही. खरोखरच्या मेढ्याच्या बायकाही तशाच परत जात असतील. बाजारात ती माझ्याकडूनच घेवडा घेते. मी मोजत असते तोवर तिची नजर तराजूच्या काट्यावरून हलत नाही. शिकली म्हणायचं.

गेल्या गुरुवारी मी उजाडता पोचले तर माझ्या जागेवर पांढरी मोठी गाडी उभी होती. उतार आहे म्हणून चाकाखाली अडवायला उटी लावलेली, आणि ती उटी म्हणजे माझा दगड. आत पुण्याकडची माणसं झोपेतून उठत होती. मी काच वाजवली. पुढच्या माणसानं काच खाली केली. त्याच्या हातात तोच रंगीत कागद होता.

"आजी, इथला तो जुना बाजार कुठं भरतो?"

"गाडी काढा," मी म्हटलं, "मंग भरतो."

त्यानं गाडी सुरू केली. मी मागं जाऊन वाकले आणि आधी माझा दगड काढून घेतला.