गालातली कॅप्सूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शंकरच्या मुलांना तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही — म्हणून सांगवतंय.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. चामराजपेटेत माझं भांड्यांचं दुकान होतं. डोक्यावर पातेली घेऊन दारोदार फिरलो, त्यातून उभं केलेलं. गिऱ्हाइकाला आधी पडून राहिलेला माल दाखवायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. समोरचाही माझ्याशी तेच करणार, हे मी धरूनच चालायचो.

शंकर, माझा धाकटा भाऊ, न्यूमोनियाने इस्पितळात पडला. त्या वॉर्डात डॉक्टर दोन औषधं ताडून पाहत होते — काहींना पेनिसिलिनची इंजेक्शनं, काहींना नव्या कॅप्सूल. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून. शंकरच्या वाट्याला कॅप्सूल आली. चिठ्ठी! माझ्या भावाच्या जिवाची सोडत? मी आवाज चढवला. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही चांगलीच आहेत हो. जास्त चांगलं कोणतं, तेवढंच बघायचंय."

तेवढंच! मला वाटलं, खरा माल शेजारच्या खाटेला, खपत नाही तो आम्हाला. आधी मला विचारलं का नाही? तो राग — खोटं कशाला बोलू — आजही आहे.

पण रागावून मी काय केलं?

शंकरला म्हणालो, कॅप्सूल गालात धर, नर्स पुढे गेली की मला दे. ताप उतरला नाही की झक मारत इंजेक्शन देतील.

"अण्णा, कालपासून स्वल्प बरं वाटतंय. घेऊ दे की."

"तुला काय कळतंय? गप्प बस."

तो गप्प बसला. लहानपणापासून माझं ऐकत आलेला. ओली कॅप्सूल माझ्या तळहातावर ठेवायचा, मी ती मोरीत टाकायचो. ताप उलटला. अखेर डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली — मी जिंकलो, असंच वाटलं मला — पण तोवर त्याला श्वास पुरेनासा झाला होता.

तो गेला त्या सकाळी डॉक्टर माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, औषध आधीच बदलायला हवं होतं, माझं चुकलं. तेव्हा तरी मी खरं सांगायला नको होतं का? मी त्यांना सगळ्या वॉर्डासमोर खुनी म्हणालो. पुढे वर्षानुवर्षं दुकानात येईल त्याला तेच सांगितलं. कॅप्सूल लागू पडली नाही, असंच डॉक्टरांनी धरलं असणार. त्यापायी पुढे कुणाला ती नाकारली — कोण जाणे.

शंकरचा थोरला आजही त्या डॉक्टरांचं नाव निघालं की दातओठ खातो. मी समोरच बसलेला असतो. त्याला मात्र गप्प बस म्हणत नाही.