काळी चारचा चिमटा

एका जीपमध्ये पेटी, ढोलकी, गिटार आणि चार माणसं कोंबली, की किस्से बसायला जागा मागत नाहीत. आपोआप घुसतात आणि मग उतरायचं नाव घेत नाहीत! आता बदली होऊन मी लातूरला आहे. रविवारी संध्याकाळी घर फार शांत असतं, आणि मला नांदेडच्या आमच्या गायन पार्टीची फार आठवण येते.

पार्टी सिंधूताईंची. अंगणवाडीत नोकरी, आणि सुट्टी मिळेल तिथं भीमगीतं. पेटीवर गौतमदादा, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. ढोलकीवर रशीदभाई, जीपही त्यांचीच. आणि गिटारवर मी, मिलिंद. ताई काळी चारमध्ये गायच्या, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. त्याच्या खाली त्या कधी उतरल्या नाहीत, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

"पट्टी उतरली की समजा सिंधू उतरली," असं त्या गावोगाव सांगायच्या.

*

गिटारवर काळी चार म्हणजे माझ्या बोटांचे हाल. म्हणून मी कॅपो आणला. चिमट्यासारखी वस्तू, गिटारच्या दांडीवरच्या चौथ्या आडव्या कांडीला, म्हणजे फ्रेटला, लावली की सगळ्या तारा एकदम वर चढतात आणि बोटं आपल्या ओळखीच्या चालीनंच फिरतात. गौतमदादांनी चष्मा वर करून पाहिलं.

"आम्ही जिंदगीभर बोटं झिजवली, अन् तुम्ही चिमटा लावून मोकळे! पेटीला असला चिमटा मिळत असंल तर मला बी एक आण."

तेव्हापासून कॅपो हा शब्द पार्टीतून हद्दपार. चिमटाच!

*

सुरुवातीच्या एका तालमीला मी मोबाईलवरचं सूर मोजणारं ॲप पाहून गिटार सुरात लावून गेलो. प्रत्येक तारेला हिरवा दिवा! ताईंनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"कुणीतरी बेसूर हाय."

मी मोबाईल पुढे केला. "ताई, हिरवा दाखवून राहिला की!"

दादांची पेटी जुनी, तिचे सगळेच सूर केसभर चढे. पण तिच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती? दादा शांतपणे म्हणाले, "मग आज मोबाईललाच गाऊ दे."

गिटार पेटीवरच जुळवायची, हा कायदा त्या दिवशी झाला.

*

आता गंमत अशी, की पेटीवर जुळवलेली गिटारही चिमटा लावला की बिघडायची. तारा चढ्या बोलायच्या. मी घाबरून चिमटा आणखी आवळायचो, तर त्या आणखी चढायच्या. एकदा रशीदभाई जीपच्या बोनेटला टेकून चहा पीत माझी धडपड बघत होते.

"भैया, इत्ता गला दबाए तो चिल्लाएगीच ना!"

ते चेष्टा करत होते. पण मी चिमट्याचा स्क्रू सैल करून, तो फ्रेटला खेटून सरळ बसवला, आणि तारा गुमान जागेवर आल्या. उरलासुरला फरक पेटीचा सूर धरून मिटवला. पुढं ती सवयच झाली: आधी चिमटा, मग पुन्हा तारा. रशीदभाईंनी मात्र गुरुदक्षिणा म्हणून दुसरा चहा वसूल केला.

*

रेणापूरच्या कार्यक्रमाला चिमटा घरीच राहिला. दादांच्या खिशातली पेन्सिल तारांवर आडवी ठेवली आणि रबर बँडनं आवळली. दोन गाणी झकास! तिसऱ्यात रबर तुटलं आणि पेन्सिल उडाली ती थेट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर.

आम्ही गारठलो. पाहुण्यांनी ती उचलली, इकडेतिकडे पाहिलं, आणि हातातल्या पत्रिकेच्या पाठीमागं भाषणाचे मुद्दे लिहायला घेतले. ती बाजू भरली, मग पुढच्या बाजूचे समासही भरले. मग ते उठले, आणि भाषण काही केल्या संपेना! ताई माझ्या कानाशी वाकल्या.

"पुढच्या खेपेला टोक नसलेली पेन्सिल लाव!"

*

मग ताईंच्या गळ्यातली गाठ काढली. ऑपरेशननंतर कित्येक महिने त्या कुजबुजल्यासारखं बोलायच्या. आम्ही तालमी बंद केल्या नाहीत. नुसती वाद्यं वाजवायचो आणि घरी जायचो. फार वाईट दिवस होते ते.

एका रविवारी त्या येऊन बसल्या. "वाजवा." मी गुपचूप चिमटा चौथ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आणला. दादांनी ते पाहिलं आणि पेटीवरची बोटंही खाली सरकवली. ताई एक ओळ गायल्या आणि थांबल्या.

"मिलिंदा, चिमटा कुठं लावलास?"

"ताई, जरासा खाली..."

"डॉक्टरनं गाठ काढली, कान न्हाई काढले!"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. भीमजयंतीला मुखेडला, म्हणजे त्यांच्या माहेरी, कार्यक्रम ठरला होता.

"माहेरात काळी चारलाच गाईन," त्या म्हणाल्या. "न्हाई जमलं तर गाणं बंद. कायमचं."

*

मुखेडला मैदान भरलेलं. पुढं सगळ्या बायकाच. ताईंच्या बरोबरीच्या मैत्रिणी, आणि त्यांची गाणी ऐकत वाढलेल्या लेकी-सुना. मी चिमटा चौथ्या फ्रेटवर बसवला, तारा पेटीवर पुन्हा जुळवल्या. मुखडा छान गेला. अंतऱ्यात उंच ओळ आली, ताईंनी श्वास घेतला, आणि आवाज आलाच नाही. पुन्हा घेतली. पुन्हा तेच. त्यांनी माईक खाली केला.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी बसल्या जागेवरून तीच ओळ गायला लागली. मग तिच्या शेजारची. मग त्यांच्या मागच्या. बघता बघता अख्खं मैदान ताईंचं गाणं गाऊ लागलं!

ताई आमच्याकडं वळल्या. "अरे, बघताय काय? त्यांच्या पट्टीत लावा की!"

चिमटा तिसऱ्यावर नेला, तर बायका वर. चौथ्यावर आणला, तर बायका खाली. दोन फ्रेटच्या मधोमध गात होत्या सगळ्या! दादांनी तर पेटीवरून हातच उचलले. रशीदभाईंची ढोलकी तेवढी चालू होती. मी घामाघूम होऊन चिमटा मागं-पुढं करतोय, आणि ताई एकीकडे हसतायत, एकीकडे पदरानं डोळे पुसतायत.

"राहू दे रे तो चिमटा," त्या म्हणाल्या. "ऐक, काय गाऊन राहिल्यात!"